पुण्य आणि पोहोच

आपत्तीत सापडलेल्या माणसांपर्यंत अन्न, पाणी, औषधे आणि निवाऱ्याचे सामान पोहोचवण्याच्या कामाला मानवतावादी लॉजिस्टिक्स म्हणतात. खरेदी, साठवण, वाहतूक, सीमाशुल्क, वाटप आणि हिशेब ही त्याची अंगे. मदतकार्यावरच्या खर्चाचा मोठा वाटा याच कामात जातो. गेल्या चाळीस-एक वर्षांत हे काम रीतसर शिकवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला. मदत करणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे, पण त्याला ते काम येत नाही. अशा वेळी त्याच्या कृतीला सत्कृत्य म्हणायचे का? आणि काम येत असेल, तर तेवढ्याने ती न्याय्य ठरते का?

पहिल्या प्रश्नाला लोकव्यवहार सहसा 'हो' म्हणतो. देणाऱ्याची भावना बघावी, वस्तू बघू नये, अशी आपली समजूत असते. घरगुती देवाणघेवाणीत ती शोभून दिसते. आपत्तीत ती महागात पडते. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात मोठा भूकंप झाला आणि जगभरातून निदान ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य तिथे जाऊन पडले. नेमके काय आले आहे एवढे कळायलाच पन्नास माणसांना सहा महिने लागले. आठ टक्के औषधांची मुदत पोहोचतानाच संपलेली होती, चार टक्के थंडीने वाया गेली आणि राहिलेल्यांपैकी जेमतेम तीस टक्के सहज ओळखू येण्यासारखी होती. बोस्नियाच्या युद्धातही हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. अखेर १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दानासाठी मार्गदर्शक नियम काढले: औषध पोहोचेल तेव्हा त्याची निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, त्यावरचा मजकूर तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कळणाऱ्या भाषेत असावा आणि मुळात त्याची तिथे गरज असावी.

ही औषधे पाठवणाऱ्या बहुतेकांचा हेतू चांगलाच असणार. पण आपत्तीच्या ठिकाणी जागा, वेळ आणि हात या तिन्हींची टंचाई असते. निरुपयोगी खोके विमानातून उतरते तेव्हा ते उपयोगी खोक्याची जागा अडवते. म्हणजे अशा दानाची किंमत दाता मोजत नाही. ती मोजतो रांगेत मागे राहिलेला रुग्ण. दात्याचे मन कितीही निर्मळ असले तरी हा हिशेब बदलत नाही.

भारतीय विचाराला ही गोष्ट परकी नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक. भलत्या जागी, अवेळी, घेणाऱ्याचा अनादर करून दिलेले दान तामस. या वर्गीकरणात दात्याचे मन ही एक कसोटी आहे, पण एकमेव नाही. जागा आणि वेळ या कसोट्या मनाच्या बाहेरच्या आहेत, आणि त्या नेमक्या गोदामपालाच्या व वाहतूकदाराच्या ताब्यातल्या. महायान बौद्धांनी करुणेच्या जोडीला उपायकौशल्य, म्हणजे योग्य उपाय योजण्याचे कसब, ठेवले. त्याचा मूळ संदर्भ धर्मोपदेशाचा असल्यामुळे तो ट्रक-ट्रॅक्टरपर्यंत ताणताना जपून राहायला हवे. तरी करुणेचा मूर्तिमंत आविष्कार असलेल्या सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या तळहातांवर डोळे असतात, याची नोंद इथे घ्यायला हरकत नाही.

तिसरी कसोटी, म्हणजे योग्य माणूस कोण, ही मात्र परंपरेकडून जशीच्या तशी घेता येत नाही. स्मृतिग्रंथांत दानाचा अधिकारी ठरवताना वर्ण आणि विद्या यांना मोठे वजन होते. आधुनिक मदतकार्याने ते वजन काढून टाकले. १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे रेडक्रॉस चळवळीने जी सात मूलतत्त्वे जाहीर केली त्यांतल्या निःपक्षपातीपणाचा अर्थ असा, की मदतीचा क्रम केवळ गरजेवरून ठरावा. भारताच्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेद करायला मनाई करते. कायद्यात असे कलम घालावे लागले यातच बरेच काही आले.

पाश्चात्त्य नीतिशास्त्रात या चर्चेला पीटर सिंगर यांच्या १९७२ मधल्या निबंधाने गती दिली. पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या निर्वासितांची उपासमार हे त्याचे निमित्त. उथळ तळ्यात बुडणारे मूल समोर दिसत असताना कपडे खराब होतील म्हणून कोणी थांबत नाही. मग दूरच्या मुलाबाबत कर्तव्य कमी कसे होते, असा सिंगर यांचा सवाल आहे. अंतरामुळे नैतिक फरक पडत नाही, हे त्यांचे म्हणणे खोडणे कठीण आहे. पण त्या दाखल्यात एक गोष्ट आयती गृहीत धरली आहे. तळे पायाशी आहे आणि मूल हाताच्या अंतरावर. दात्याचा पैसा आणि छावणीतले मूल यांच्या मध्ये बंदर, जकात, पावसाने खचलेला रस्ता, गोदामाची किल्ली आणि वाटपाची रांग असते. अंतराने कर्तव्य कमी होत नसले तरी त्याचे स्वरूप बदलते: हात पुढे करण्याचे कर्तव्य रस्ता जाणण्याचे कर्तव्य होऊन बसते.

ते कसे पार पाडता येते याचे उत्तम उदाहरण त्याच निर्वासितांच्या छावणीत घडले. १९७१ मध्ये सीमेवरच्या बनगाव येथे कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा पुरेना. बाटल्या जड, त्या टोचायला प्रशिक्षित हात हवेत, आणि दोन्ही हाताशी नव्हते. डॉ. दिलीप महालनबीस यांच्या चमूने कोलकात्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या कोरड्या पुड्या बांधल्या, त्या छावणीत नेल्या, तिथे पाण्यात कालवून पिंपांत भरल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून पाजल्या. वीस ते तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. या घटनेकडे वैद्यकातला विजय म्हणून पाहिले जाते आणि ते रास्तच आहे. पण पाण्याचे ओझे वाहून न नेता फक्त पूड न्यायची आणि परिचारिकेचे काम आईवर सोपवायचे, हे दोन्ही निर्णय पुरवठ्याचे होते.

अशी युक्ती दरवेळी आपोआप सुचेल यावर विसंबता येत नाही, म्हणून प्रशिक्षण. फ्रान्समध्ये लिआँजवळ बायोफोर्स ही संस्था १९८३ पासून मदतकार्यासाठी माणसे घडवते. सॅन फ्रान्सिस्कोची फ्रिट्झ इन्स्टिट्यूट आणि ब्रिटनची चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ लॉजिस्टिक्स अँड ट्रान्सपोर्ट यांनी मिळून मदतसंस्थांच्या सल्ल्याने दूरशिक्षणाचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम तयार केला. गोदाम व साठा, खरेदी, वाहतूक, वाहनताफा, आयात-निर्यात हे त्याचे विषय. पाठांतराला तिथे फारसे स्थान नाही. विद्यार्थ्याने प्रत्यक्षात करावी लागतील तशी कामे करून दाखवायची असतात. लुगानोच्या विद्यापीठात याच विषयात पदव्युत्तर शिक्षण मिळते.

या शिक्षणाचा गाभा बाहेरून अगदी नीरस दिसतो. प्रत्येक थप्पीला एक कार्ड टांगलेले: आवक किती, जावक किती, शिल्लक किती. पोती जमिनीवर नाहीत, लाकडी पॅलेटवर. भिंतीला टेकलेली नाहीत, म्हणजे ओल लागत नाही आणि मागे उंदीर लपत नाही. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. पाणी शुद्ध करायचे क्लोरीन आणि धान्य एका खोलीत ठेवायचे नाही. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. स्फिअर या जागतिक मानकांनुसार माणशी रोज निदान १५ लिटर पाणी आणि सुमारे २,१०० कॅलरींचे अन्न मिळायला हवे. माणसाची प्रतिष्ठा हा मोठा शब्द इथे लिटरमध्ये मोजला जातो: दहा हजार माणसांची छावणी म्हणजे रोज दीड लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या पंधरा खेपा. हा गुणाकार ज्याला येत नाही त्याने प्रतिष्ठेविषयी बोलू नये, असे म्हणणे कठोर असले तरी चूक नाही.

वाटपाच्या जागेवर तर प्रत्येक तांत्रिक निर्णयात नीती दडलेली असते. पन्नास किलोचे पोते तीन कुटुंबांत मिळून दिले तर कागदावर वाटप समान झाले. प्रत्यक्षात शंभर पावलांवर ते पोते सर्वांत धट्ट्याकट्ट्या माणसाच्या ताब्यात जाते आणि एकट्या म्हातारीला उरलेले मिळते. पोते किती किलोचे, रांग कुठे, वाटप अंधार पडण्याआधी संपते की नाही, नोंद कुटुंबप्रमुखाच्या नावे की बाईच्या, हे सारे प्रश्न न्यायाचेच.

गोदामाची शिस्त आणि रयतेची काळजी यांचा संबंध मराठी मुलखाला जुना आहे. शिवाजी महाराजांचे चिपळूण भागातल्या छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणावैरण उधळेपणाने खर्च केले तर घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेला ओरबाडू लागतील, आणि रयतेला मोगल बरे वाटतील, अशी त्यात ताकीद आहे. उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत ते पत्र बारकाईने जाते. विषय लष्कराचा आहे, मदतकार्याचा नव्हे. पण साठ्यातली हयगय अखेर सर्वांत दुबळ्याच्या अंगावर येते, हे त्यातले सूत्र आजच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गात चालेल.

इथपर्यंत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते: शिकण्याची सोय असताना न शिकता केलेली मदत हा दोष आहे, आणि हेतू तो धुऊन काढत नाही. दुसरा प्रश्न मात्र प्रशिक्षणाने सुटत नाही. उलट तो अधिक टोचू लागतो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसे गेली. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला धावपट्टी एकच. ती खचू नये म्हणून काही दिवसांतच अवजड विमानांना बंदी घालावी लागली. डोंगरातल्या अनेक गावांचे रस्ते दरडींखाली गेले होते. जागतिक अन्न कार्यक्रमाने तिथे गिर्यारोहण क्षेत्रातले भरिया, म्हणजे पाठीवर ओझे वाहणारे हमाल, आणि खेचरे कामाला लावली. एका खेचराच्या ओझ्याइतक्या तांदळाला डोंगरात जो खर्च येतो, त्यात सडकेच्या कडेला कितीतरी अधिक लोक जेवतील. मग माल कुठे पाठवायचा?

अधिकांचे हित पाहणारा सडकेकडे बोट दाखवील. संख्या मोजावी की नाही याविषयी जॉन टॉरेक यांनी १९७७ मध्ये शंका उपस्थित केली होती: पाच जणांचे दुःख एकत्र भोगणारा कोणी सहावा नसतो, म्हणून बेरजेला अर्थ नाही. युक्तिवाद धारदार आहे, पण दहा हजारांच्या छावणीपुढे तो टिकवणे अवघड. तरीही त्याने एक इशारा दिला. खर्च भागिले लाभार्थी हे सूत्र डोळे मिटून चालवले, तर सर्वांत दुर्गम माणूस प्रत्येक वेळी शेवटी येतो, आणि दुर्गम भागात राहणारा बहुधा आधीच सर्वांत गरीब असतो. रस्ता पक्षपाती असतो. कोणी काहीच ठरवले नाही तर निर्णय रस्ता घेतो. प्रशिक्षित माणसाचे कर्तव्य एवढे, की हा निर्णय रस्त्यावर सोडू नये, तो स्वतः घ्यावा आणि त्याची कारणे लेखी ठेवावीत, म्हणजे मागे राहिलेल्याला जाब विचारता येईल.

हिशेब आणि भूक यांचा झगडा दामाजीपंतांच्या कथेत सर्वांत स्पष्ट दिसतो. बहामनी काळात मंगळवेढ्याचे अधिकारी असलेल्या दामाजींनी दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्यकोठारे परवानगीविना लोकांसाठी खुली केली. आजच्या साठा नोंदवहीत हे थेट गैरव्यवहार म्हणून लागेल. परंपरेने कौल भुकेच्या बाजूने दिला आणि दामाजींना संत मानले. पण कथा तिथे थांबत नाही. विठ्ठल महाराचे रूप घेऊन दरबारात जातो, धान्याची पुरी किंमत भरतो आणि रीतसर पावती घेतो. देवालाही पावती घ्यावी लागली! नियम मोडणे क्षम्य ठरले, मोडलेल्या नियमाचा हिशेब चुकता न करणे नव्हे. नियमाला चिकटून धान्य कुजवणारा कारकून आणि कागदच नको म्हणणारा कार्यकर्ता या दोघांनाही ही कथा सोयीची नाही.

व्यावसायिकतेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: सेवा पगारी झाली की तिच्यातला धर्म जातो. पगारी शल्यविशारदाबद्दल असे कोणी म्हणत नाही, त्यामुळे आक्षेपाचा हा भाग सोडून देता येतो. त्याचा दुसरा भाग खरा आहे. परदेशी प्रमाणपत्र असलेला व्यवस्थापक आणि वाट माहीत असलेला गावकरी यांच्यात निर्णयाचा अधिकार सहसा पहिल्याकडे जातो. काठमांडूच्या कचेरीतला नकाशा आणि गोरखा जिल्ह्यातल्या भरियाचे पाय यांत कोण अधिक जाणकार, हे कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही. ज्या प्रशिक्षणात स्थानिकांना केवळ हमाल मानले जाते ते अपुरे आहे.

राहता राहिली पूर्वतयारी. दाते दान देतात ते आपत्तीची छायाचित्रे पाहून. गोदाम बांधायला आणि माणसे शिकवायला पैसा लागतो तो त्याआधी, जेव्हा दाखवायला एकही चेहरा नसतो. करुणेला निमित्त लागते, या साध्या मानवी मर्यादेमुळे सर्वांत जास्त जीव वाचवणारा खर्चच सर्वांत कमी पुण्याचा वाटतो. काठमांडू विमानतळावर मदतसाहित्य उतरवून घेण्यासाठी खास तळ बांधला गेला तो मार्च २०१५ मध्ये, भूकंपाच्या एक महिना आधी. एप्रिलअखेर आलेला माल त्याच तळावरून पुढे गेला.