दुधातले, पण दुधात नसलेले

मीरा-भाईंदरमधल्या एखाद्या सोसायटीत कोणाला कॅन्सर झाल्याचे कळले, की घरचे लोक परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू करतात आणि शेजारीपाजारी सल्ले. त्यात दूध हमखास असते. कोणी गाईचेच घ्या म्हणतो, कोणी तबेल्यातले कोमट धारोष्ण, कोणी चिकाची पावडर सुचवतो, तर कोणी दूध आजपासून बंद करायला सांगतो. मातेच्या दुधातले एक प्रथिन कर्करोगाच्या पेशी मारते, ही बातमी अशा तयार जमिनीवर पडते. बातमी खरी आहे. पण तिच्यावरून दुधाला औषध ठरवणारा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण पेशी मारणारा पदार्थ दुधातल्या घटकांपासून घडत असला, तरी आपण पितो त्या दुधात तो नसतो.

हा शोध लागला स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात, तोही दुसरेच काही शोधताना. मातेचे दूध जंतूंना पेशींवर चिकटू देते का, हे कॅथरिना स्वानबोर्ग यांच्या प्रयोगशाळेत तपासले जात होते. चाचणीसाठी घेतलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशीच मरू लागल्या. अँडर्स हॉकान्सन आणि सहकाऱ्यांनी 1995 साली ते प्रसिद्ध केले. दुधाचा जो भाग आम्ल घालून साकळवला होता, त्यात ही ताकद होती. पुढे शोध घेतल्यावर हाती आले ते अल्फा-लॅक्टअल्ब्युमिन, 123 अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन. स्तनात दुग्धशर्करा तयार व्हायला मदत करणे हे त्याचे नेहमीचे काम. मूळ रूपात ते कॅल्शियमच्या एका अणूभोवती घट्ट दुमडलेले असते आणि पेशींना काही करत नाही. कॅल्शियम काढून घेतले की घडी सैल होते. त्या सैल घडीत ओलेइक आम्ल, म्हणजे शेंगदाणा तेलातही भरपूर असलेले मेदाम्ल, जाऊन बसले, की तयार होते ‘हॅम्लेट’. मेदाम्लाची ही अट 2000 साली स्पष्ट झाली. सामग्री घरचीच आहे, पण तिच्यावर झालेली क्रिया चुलीवरची नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की बाळाच्या पोटातही आम्ल असते आणि तिथे दुधातल्या स्निग्धांशातून मेदाम्ले सुटी होतात. मग हे संयुग तिथे आपोआप बनत नसेल कशावरून? शक्यता नाकारता येत नाही. सहा महिने किंवा अधिक स्तनपान झालेल्या मुलांत बालपणीच्या रक्तकर्करोगाचा धोका 19 टक्के कमी दिसला, असे 18 अभ्यासांच्या 2015 सालच्या एकत्रित विश्लेषणात आढळले. पण ही निरीक्षणातून दिसलेली सांगड आहे. स्तनपान करणाऱ्या घरांत इतरही फरक असू शकतात, आणि तान्ह्याचे पोट म्हणजे साठीतल्या रुग्णाचे यकृत नव्हे. शिवाय हे संयुग रक्तद्रवाच्या सान्निध्यात निकामी होते. रक्तातले अल्ब्युमिन मेदाम्ले पकडून ठेवते. गिळलेले प्रथिन पचनाच्या वाटेने जाऊन रक्तातून दूरच्या गाठीपर्यंत त्याच रूपात पोहोचेल, ही अपेक्षा म्हणूनच टिकत नाही.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचाच, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. मारणारे खरे मेदाम्ल. प्रथिन नुसते हमाल. ओलेइक आम्ल एकटेही पुरेशा प्रमाणात पेशींना घातक ठरते, आणि घोडीच्या दुधातल्या लायसोझाइमसारख्या दुसऱ्या प्रथिनांपासूनही अशी संयुगे बनवता येतात. लुंडचा गट मात्र प्रथिनाचा वाटाही धरतो: पेशीच्या आवरणातून आयनांची उलथापालथ, ऊर्जानिर्मितीवर आघात, केंद्रकात हिस्टोन नावाच्या प्रथिनांना जखडणे. हा वाद मिटला नसला, तरी सामान्य वाचकाच्या दृष्टीने त्याचा कल एकाच बाजूला आहे. प्रथिन हमाल असेल तर दुधाचे माहात्म्य आणखीच कमी होते.

उपचारांच्या चाचण्या कुठे झाल्या तेही पाहावे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 40 जणांच्या हट्टी चामखिळींवर हे संयुग किंवा खारे पाणी लावले गेले. औषध मिळालेल्या 20 पैकी 20 जणांत चामखिळींचा आकार तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक घटला, दुसऱ्या गटात 20 पैकी तिघांत. नंतर प्रागच्या मोतोल रुग्णालयात मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगाचे 40 रुग्ण निवडले गेले. नळीवाटे औषध थेट मूत्राशयात सोडल्यावर लघवीतून गाठीच्या पेशी बाहेर पडू लागल्या आणि गाठी आकसल्या. 2021 साली ते प्रसिद्ध झाले. आता त्या औषधात पूर्ण प्रथिनही नव्हते. त्याचा प्रयोगशाळेत बनवलेला 39 अमिनो आम्लांचा तुकडा होता. म्हणजे संशोधन जसजसे औषधाच्या जवळ आले, तसतसे ते दुधापासून लांब गेले.

मुंबईने या प्रश्नाची उलटी बाजूही पाहिली आहे. 1936 साली बिटनर या संशोधकांनी उंदरांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिल्लांकडे जातो असे दाखवले. त्यामागे विषाणू होता. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे यांनी उंदरांच्या स्तनकर्करोगावर काम केले. 1971 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासासाठी मुंबईच्या पारशी स्त्रियांचे दूधही तपासले गेले, कारण त्यांच्यात या रोगाचे प्रमाण जास्त होते. विषाणूसारखे कण दिसले, पण त्यावरून माणसातला कारक विषाणू सिद्ध झाला नाही. उंदरावरून माणसाकडे उडी मारताना दूध एकदा संशयित ठरले. आता बशीतल्या पेशींवरून उडी मारून त्याला वैद्य केले जात आहे.

‘प्यायले तर बिघडले काय?’ हा शेवटचा युक्तिवाद गाईच्या दुधापुरता चालेल. मातेच्या दुधाला तो लागू पडत नाही. अमेरिकेत काही कर्करोगी मिल्क बँकेतले दूध पीत होते. आपल्याकडे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी उभारली, ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. तिथे दान आलेले दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून, गार करून, मोजूनमापून दिले जाते. किलोभर वजनाच्या बाळाला एका वेळी त्यातले काही मिलिलिटरच लागतात.