पुसलेला चेहरा पूर्ण करावा का?

आजीच्या लग्नातला कृष्णधवल फोटो घ्या. अर्ध्या चेहऱ्यावर बुरशी चढलेली. मोबाइलमधलं अ‍ॅप काही सेकंदांत तो चकचकीत करून देतं. डाग जातात, शालूला रंग येतो, डोळे स्पष्ट होतात. फॅमिली ग्रुपवर हार्टचा पाऊस पडतो.

पण ते डोळे कुणाचे? फोटोत तर ते उरलेच नव्हते. अ‍ॅपने असंख्य अनोळखी चेहऱ्यांवरून शिकून ते बनवले. उद्या पतवंडं हाच फोटो बघून "आमची पणजी अशी दिसायची" म्हणतील. मग आपण आजीला जपलं की बदललं?

चित्रांचं संवर्धन शिकणाऱ्यांना या प्रश्नाशी रोज झगडावं लागतं. डोंबिवलीतल्या एखाद्या मुलीने केमिस्ट्रीत बीएससी करून कला-इतिहास आणि संवर्धनाकडे वळायचं ठरवलं, की घरात पहिला सवाल नोकरीचा येतो आणि दुसरा असा : "जुनी चित्रं दुरुस्त करायला एम.ए. कशाला लागतं?" सवाल रास्त आहे. दिल्लीत १९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेत (आताची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज) कला-इतिहास, संवर्धन आणि संग्रहालयशास्त्र हे तीन विषय एकाच छताखाली ठेवले गेले, त्यातच त्याचं उत्तर आहे. ज्याचा हात चांगला आहे, तो थोड्या सरावाने नाक-डोळे भरू शकतो. कुठे हात लावायचा नाही हे कळायला मात्र रसायनही यावं लागतं आणि इतिहासही.

अजिंठ्याचंच बघा. १९२० ते १९२२ या काळात हैदराबादच्या निजाम सरकारने तिथल्या चित्रांसाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावलं. भिंतीपासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला. ते नसते तर कितीतरी चित्रं ढासळून गेली असती. पण रंग धरून राहावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचं व्हार्निश लावलं. काळाबरोबर लाख पिवळी पडली, काळवंडली, धूळ धरू लागली. जुनी झालेली लाख सहज विरघळतही नाही. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर इंच इंच जपून काढावा लागला. हेतू चांगला, माणसं जाणकार, तरीही हे झालं.

इटलीतच चेझारे ब्रांदी नावाचा विचारवंत होऊन गेला. रोममधल्या सरकारी संवर्धन संस्थेचा तो पहिला संचालक. चित्राचा तुकडा गळून पडला असेल तिथे त्याच्या संस्थेत बारीक उभ्या रेषा भरायची पद्धत निघाली. लांबून बघितलं तर रेषा आसपासच्या रंगात मिसळतात आणि चित्र सलग दिसतं. जवळ गेलात की कळतं, इथून इथपर्यंत मूळ आणि हे नंतरचं. जलरंगात केलेलं काम पुसताही येतं. यातून दोन साध्या कसोट्या मिळतात. आपण केलेलं उद्या ओळखू येईल का? आणि चुकलं तर काढता येईल का?

अ‍ॅप पहिल्या कसोटीत नापास होतं, लाख दुसऱ्या.

इथे कुणी म्हणेल, हे संग्रहालयातल्या वस्तूंना ठीक आहे. देवळाचं काय? अंबरनाथचं शिवमंदिर इ.स. १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. ते संरक्षित स्मारक आहे आणि तिथे पूजाही चालू आहे. महाशिवरात्रीला रांगा लागतात. वरचं शिखर अपुरं आहे, गाभाऱ्यातून आभाळ दिसतं. एखाद्या भक्ताला वाटलं की माझ्या देवाच्या डोक्यावर पूर्ण शिखर असावं, तर त्याला अडाणी ठरवणं उद्धटपणाचं आहे. जीर्णोद्धार हे आपल्याकडे पुण्याचं काम. देव त्याच्यासाठी जिवंत आहे, आणि जिवंत माणसाला आपण फाटक्या कपड्यात ठेवत नाही.

हा आक्षेप मला खरा वाटतो. पण आपल्या परंपरेकडे नीट बघितलं तर ती या कसोट्यांच्या विरोधात नाही. शेंदूरच घ्या. मूर्तीवर नवा शेंदूर चढतो तेव्हा तो मुळातलाच आहे असं कुणीच म्हणत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं की हा आमचा, यंदाचा. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीवरचे शेंदराचे थर काढले, तेव्हा आतून जुनं रूप पुन्हा दिसलं. म्हणजे शेंदूर ओळखू येतो आणि काढताही येतो. याउलट काळ्या पाषाणाच्या जुन्या देवळाला ऑइल पेंट फासतात, तेव्हा तो दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतो. तो खरवडायचा तर कोरीवकामही झिजतं. भक्ती दोन्हीकडे सारखीच आहे. फरक एवढाच की एक थर पुढच्या पिढीला निर्णय घ्यायला जागा ठेवतो, दुसरा तिचा निर्णय आजच घेऊन टाकतो.

कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या दानाचे शिलालेख आहेत. आपल्याच गावची ही माणसं. तिथल्या ३४ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर बुद्धाची चित्रं अर्धवट राहिली आहेत. रेषा आहेत, रंग पुरता भरलेला नाही. काम का थांबलं कोण जाणे. ती पूर्ण करा, असं आज कुणी म्हणणार नाही, कारण उरलेला रंग त्या चित्रकाराच्या मनात होता आणि तो त्याच्याबरोबर गेला. बुरशीने खाल्लेले आजीचे डोळे यापेक्षा फार वेगळे आहेत का?

अ‍ॅप वापरू नका असं मी म्हणणार नाही. रंगीत फोटो बघून एखाद्या म्हाताऱ्या आत्याच्या डोळ्यांत पाणी येत असेल तर येऊ दे. फक्त बुरशीवाला मूळ फोटो फेकू नका आणि नव्याखाली एक ओळ लिहा : डोळे अंदाजाने भरले आहेत.