ठेव परत मिळेल काय?

ठेव म्हणजे काय, याचे उत्तर कॉमर्सच्या परीक्षेत मी दोन पाने लिहिले होते. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे काढल्यावर ते एका ओळीवर आले आहे : जी परत मिळते ती ठेव. तोवर तो नुसता सहीचा कागद!

आमच्या ओळखीचा एक पोरगा एका कचेरीत डेटाबेस सांभाळतो. रोज रात्री बॅकअप काढतो आणि म्हणतो, "काका, सगळं सेफ आहे!"

"दुसऱ्या मशिनवर कधी उतरवून पाहिलंस का रे?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याला खापरपणजोबांचे नाव विचारले.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत सुमारे ३०० जीबी डेटा चुकून पुसला गेला. डेटा राखण्याच्या तरतुदी एक सोडून पाच होत्या. वेळेला एकही धड कामी येईना. एक तर आवृत्ती न जुळल्यामुळे रोज मुकाट्याने नापास होत होती, आणि तसे कळवणारी ई-मेल वाटेतच नाकारली जात होती. तारले कशाने? कोणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या एका प्रतीने! पाच विमे उतरवावेत आणि शेजाऱ्याची शिडी उपयोगी पडावी, त्यातला प्रकार.

बरे, प्रत धड असली तरी ती दुसऱ्या घरी नांदेलच असे नाही. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसची प्रत काढली, की तक्ते येतात, नोंदी येतात, पण वापरणाऱ्यांची नावे येत नाहीत. ती वेगळी न्यावी लागतात. नाहीतर नवे मशीन सांगते, 'या नावाचा मालक इथे कोणी नाही.' मालमत्ता हजर, मालक गैरहजर!

आता खरे सांगा वाचकहो, आपले संस्कार तरी याहून वेगळे आहेत काय? लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणून घेत, तो आमचा रोजचा बॅकअपच. तेवढ्या भांडवलावर आपण छातीठोकपणे म्हणतो, "आमच्याकडे संस्कार आहेत हो!" आहेत, पण कुठे? माणुसकी काही पाठांतरात सिद्ध होत नाही. ती दुसऱ्या मशिनवर, म्हणजे पोराबाळांत, उतरली तर खरी. आणि तिथे आवृत्ती नवी, मालक नवा, परवचा तर ठाऊकच नाही!

माझी आई अवेळी येणाऱ्यासाठी रोज मूठभर भात जास्तीचा टाकायची. कारण कधी कोणाला सांगितले नाही. परवा घरी पिझ्झा आला. मुलीने पहिला तुकडा बाजूला काढला.

"हा कुणाचा गं?"

"खाली वॉचमनकाका जेवले नसतील."

भाताचा पिझ्झा झाला होता. पण ठेव परत मिळाली होती, आणि तीसुद्धा व्याजासकट. त्यावर टीडीएस कापत नाहीत, हे एक बरे आहे.