सटवाईचा लेख आणि चमचाभर पाणी

बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे आयुष्य लिहून जाते, ही समजूत मराठी मुलखात खोलवर रुजलेली असून पाटा-वरवंट्याच्या पूजेशेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत तिच्यातूनच आली आहे. मावळात तळेगाव दाभाडेलगत, इंद्रायणीकाठी वसलेल्या वराळ्यासारख्या गावात अभियांत्रिकीचे शिक्षण दाराशी आले आणि तळेगावात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उभे राहिले, तरी पाचवी पुजणाऱ्या घराला त्या रुग्णालयाची पायरी चढताना काही विसंगत करतो आहोत असे वाटत नाही. विचार करणाऱ्याला मात्र एक प्रश्न टाळता येत नाही, तो असा की आयुष्य आधीच लिहून ठेवलेले असेल तर आजारी बाळाच्या शुश्रूषेने नेमके काय बदलते? जुलाब-उलट्यांनी सुकत चाललेल्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो, कारण तिथे मृत्यू आणि जगणे यांच्यामध्ये उभी असलेली वस्तू फार साधी, मोजता येणारी असते.

अतिसारात, म्हणजे वारंवार पातळ शौचाला होण्याच्या आजारात, बहुतेक वेळा मूळ रोग काही दिवसांत आपोआप ओसरतो. मूल दगावते ते त्या दिवसांत शरीरातून निघून गेलेल्या पाण्यामुळे आणि क्षारांमुळे. या अवस्थेला निर्जलीकरण म्हणतात. डोळे खोल जातात, मूल चिडचिड करते किंवा निपचित पडते, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली तर ती लगेच पूर्ववत होत नाही, आणि हे पूर्ववत होणे दोन सेकंदांहून लांबले तर निर्जलीकरण तीव्र समजून शिरेतून सलाईन द्यावे लागते. त्याहून सौम्य अवस्थेत तोंडाने जलसंजीवनी पुरते. आतड्यात साखर आणि मिठातील सोडियम जोडीने शोषले जातात व त्यांच्यामागे पाणीही शरीरात येते, या शोधावर ती उभी आहे. म्हणूनच एक लिटर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट यांचे क्षार, असे तिचे प्रमाण ठरलेले आहे. परिचारिका येथे रोग बरा करीत नाही, तर रोग निघून जाईपर्यंत मुलाला टिकवून धरते. दैववाद्याला हे उत्तर अडचणीचे आहे, कारण ज्या काळात आयुष्य संपायचे तोच काळ कोणीतरी चमच्याने ओलांडून नेतो.

हा चमचा अलंकारिक नाही. मध्यम निर्जलीकरणात वजनाच्या दर किलोमागे 75 मिलिलिटर जलसंजीवनी चार तासांत द्यायची असते. आठ किलोच्या बाळाला 600 मिलिलिटर, म्हणजे पाच मिलिलिटरचे 120 चमचे, म्हणजेच चार तास दर दोन मिनिटांनी एक. बाळाला उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, जरा सावकाश, सुरुवात करायची. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. ‘पोटाला आराम हवा’ म्हणून पाणी आणि दूध तोडण्याची जुनी सवय, किंवा दात येताना जुलाब व्हायचेच असे म्हणून दोन दिवस वाट पाहणे, यांनी जे नुकसान होते त्याचा सटवाईच्या श्रद्धेशी काही संबंध नाही. श्रद्धा नसलेल्या घरांतही ते होते. मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढणाऱ्या आजीशी वाद घालण्यात शहाणपण नाही, चमचा त्यासाठी थांबत नसला म्हणजे झाले.

दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा या जन्मीचा प्रयत्न, यांचा वाद चरकसंहितेतील विमानस्थानात सविस्तर आला आहे. चरकाच्या मते दैव हेही पूर्वी केलेले कर्मच होय. दुबळे दैव बलवान प्रयत्नाने हटते, आणि प्रत्येकाचे आयुष्य ठरीव असते तर औषधे, मंत्र, पथ्ये यांना काहीच अर्थ उरला नसता. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातही कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, साधने आणि नाना प्रकारच्या हालचाली यांच्यानंतर पाचवे म्हणून दैव येते. त्याला जागा आहे, पण पाचांतली एक. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटून ते रुग्णांच्या नातलगांकरवी पाजवले; मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते चारच्या खाली आले. छावणी तीच, रोगही तोच. चरकाच्या युक्तिवादाला याहून भक्कम पुरावा मिळणे कठीण.

त्याच ग्रंथाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. आणि परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी माया आणि शौच, म्हणजे स्वच्छता, असावे असे म्हटले आहे. यातील शौच पुढे सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेत हरवले. मुलाची विष्ठा उचलणे हे हलके, विटाळाचे काम ठरले, आणि त्यामुळे उच्चवर्णीय घरांतल्या स्त्रियांना, विशेषतः विधवांना, शुश्रूषेचे शिक्षण देणे हे रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाला समाजाच्या नाराजीला तोंड देत करावे लागले. अतिसाराच्या वॉर्डात शौचाचा खरा अर्थ उलटाच निघतो: दुपटे बदलणारा हात विटाळतो म्हणून दूर ठेवायचा नसतो, तो साबणाने धुऊन पुढच्या बाळाकडे न्यायचा असतो.

निष्काम कर्माचा सोपा अर्थ लावणाऱ्यांचीही येथे पंचाईत होते. फळाकडे पाहू नये म्हणावे, तर परिचारिकेला फळाकडेच पाहायचे असते. लघवी झाली का, डोळ्यांत पाणी आले का, चार तासांनी निर्जलीकरण कमी झाले की वाढले, हे न पाहता दिलेले चमचे म्हणजे निष्कामता नव्हे, हयगय होय. फळाची आसक्ती आणि फळाची पाहणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि तरीही काही मुले उशिरा पोचतात आणि जातात. त्या आईने सटवाईने एवढेच लिहिले होते असे म्हटले, तर ते खोडून काढण्याचा अधिकार कोणत्याही तत्त्वज्ञानाला नाही. दोषाचे ओझे तिच्या डोक्यावरून उतरवणारे तेवढे एकच वाक्य तिच्यापाशी असते. मात्र तेच वाक्य वॉर्डातल्या माणसाने उच्चारले, तर सलाईन किती वाजता लागले, पहिला चमचा केव्हा गेला आणि मधले तास कोणी मोजले, हे विचारण्याची वाट तिथेच बंद होते.