पुढाकार आतल्याचा, निवाडा सर्वांचा

मोबाइलच्या पानात एक यादी असते आणि ती स्वतंत्रपणे सरकते. बोट वर गेले की हलायचे कोणी, पानाने की यादीने? प्रश्न तांत्रिक दिसतो, पण मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे: हक्क अंशाचा की समग्राचा? 2014 च्या अँड्रॉइड 5.0 ने याची एक रीत घालून दिली. पुढाकार यादीचा, पण सरकण्याआधी ती पानाला विचारते, पानाने सोडलेले अंतर स्वतः घेते आणि टोक गाठल्यावर उरलेले पानाकडे सोपवते.

नंदुरबारच्या सातपुड्यात हाच प्रश्न माणसांचा आहे. धडगाव, अक्कलकुव्याचे पाडे गावात, गावे तालुक्यात, तालुके जिल्ह्यात. 2006 च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. मग उपविभागीय समिती, शेवटी जिल्हा समिती. यावर कोणी म्हणेल, आतल्याला पुढाकार दिला तर समग्राचे हित अडते. मोबाइलच्या पानातही पडदाभर पसरलेला नकाशा बोट धरून ठेवतो आणि पान जागचे हलत नाही. आक्षेप खरा आहे, पण तो पुढाकारावर नाही, अमर्याद पुढाकारावर आहे. म्हणूनच जिल्हा समितीचा निर्णय कायद्याने अंतिम ठरवला आहे. मात्र दावेदाराला बाजू मांडू दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल देता येत नाही. अँड्रॉइडमध्येही पानाने स्पर्श मध्येच ताब्यात घेतला, तर आतल्या घटकाला रद्द झाल्याचा संदेश जातो. मोठ्याचा अधिकार मान्यच आहे. लहानाला ऐकून, सांगून वापरला तरच तो न्याय्य ठरतो.