शिवायला कोण येणार?

ह्यांच्या दहाव्याला भाट्याच्या खाडीवर कावळा पिंडाला शिवेना. घर विकणार नाही, असं दिरांनी सांगून पाहिलं. धाकटीचं शिक्षण पुरं करू, असं मुलाने सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "तुमची कलमं मी स्वतः बघीन." कावळा उतरला. तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं; कावळ्याला भूक लागली होती, हे मला कळतं. पण तेव्हा दिलेला शब्द मी आजही पाळते आहे.

मुलाकडे मोरोक्कोत रबातला गेले, तेव्हा ऑगस्टमध्ये आम्ही मौले बुसलहामला गेलो. अटलांटिकच्या काठचं हे गाव मोरोक्कोतल्याच सुट्टीकरांचं. रस्त्यावर मासळी भाजल्याचा धूर, वाळूत छत्र्या, पाण्यात पोरंटोरं. वर पांढऱ्या घुमटाखाली गावाला नाव देणाऱ्या संताची कबर. सेलहाम म्हणजे टोपीचा सैल झगा. तो पांघरणारा तो बुसलहाम. मी बाहेरच उभी राहिले. एक बाई ओल्या कपड्यातल्या लेकराला कडेवर घेऊन आत गेली, थोड्या वेळाने डोळे पुसत बाहेर आली आणि पुन्हा किनाऱ्याकडे उतरली.

गावाला लागूनच मेर्जा झेर्गा, म्हणजे निळं सरोवर. 1980 पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. सैबेरियात वीण करणारा सडपातळ चोचीचा कर्ल्यू पक्षी हिवाळ्यात इथे यायचा. फेब्रुवारी 1995 मध्ये इथेच त्याचं शेवटचं खात्रीचं छायाचित्र निघालं. 2025 मध्ये तो नामशेष जाहीर झाला.

सरोवरात फिरायला होडीत बसल्यावर मला ह्यांचा दहावा आठवला. गेलेल्या माणसाच्या मनातलं आपल्याला पक्षी सांगतो. मग गेलेल्या पक्ष्याच्या मनातलं कोण सांगणार? संताकडे गाऱ्हाणं घेऊन माणसं येतात, म्हणून तो गेल्यावरही नातं उरलं. या पक्ष्याच्या जातीतलं तर रडायलाही कुणी उरलं नाही.

आपल्याकडे निपुत्रिकाचं श्राद्ध दुसरं कुणीतरी करतं. तर्पणात ज्यांचं कुणी नाही त्यांनाही पाणी देतात. मला त्यात मोठा विचार दिसतो: ऋण मानायला रक्ताचं नातं लागत नाही, आणि मागणारा उरला नाही म्हणून ते फिटतही नाही. उलट मेलेला तगादा लावू शकत नाही, म्हणूनच त्याला दिलेला शब्द पाळणं सर्वस्वी आपल्यावर येतं. शिकारीने आणि पाणथळी आटवून ज्याला आपण माणसांनी घालवलं, त्याचं सुतक आपणच धरायला हवं.

त्याचा मोठा भाऊबंद थंडीत कोकणातल्या खाड्यांच्या चिखलावर उतरतो. सरोवराचं पाणी ओंजळीत घेऊन मी मनात म्हटलं, "आमच्या खाडीत भराव टाकायला कुणी आलं, तर मी आडवी येईन."

पाणी बोटांतून गळून गेलं. शिवायला कुणी आलं नाही. मुलाने विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "ह्यांच्या कलमांसारखंच, आणखी एक काम अंगावर घेतलंय."