ऋण, रोग आणि राजकारण

ऋण देणाऱ्यानें ऋणकोची पत पाहावी, हा व्यवहार. त्याची मतें पाहावींत कीं नाहींत, हा मात्र नीतीचा प्रश्न होय. ऋणकोच्या घरीं रोगी तळमळत असतां तो अधिकच बिकट होतो.

कर्ज देतांना राजकीय विचार मनांत आणूं नये, केवळ आर्थिक विचारच ग्राह्य धरावे, असें जागतिक बँकेच्या घटनेंत स्पष्ट कलम आहे. तिच्याबरोबरच १९४४ सालीं ब्रेटन वुड्स येथें जिची योजना ठरली, त्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या संस्थेकडूनही लोक अशाच समदृष्टीची अपेक्षा करितात. २०२० च्या मार्चमध्यें कोविडची साथ जगभर पसरत असतां इराण व व्हेनेझुएला यांनीं नाणेनिधीकडे प्रत्येकीं सुमारें ५ अब्ज डॉलर मागितले. व्हेनेझुएलाचें खरें सरकार कोणतें याविषयीं सभासद राष्ट्रांचें एकमत नाहीं, असें सांगून त्या देशाची मागणी तत्काळ नाकारण्यांत आली. इराणच्या मागणीस अमेरिकेनें उघड विरोध केला, आणि तीही मंजूर झाली नाहीं.

विरोधकांचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. पैसा रोग्याच्या उशाशीं न जातां शस्त्रागारांत गेला, तर कर्ज मात्र रोग्याच्याच मुलाबाळांच्या माथीं बसतें. शिवाय ज्याचा अधिकारच वादग्रस्त, त्याच्या सहीनें झालेलें ऋण उद्यां कोणीं फेडावें? हा आक्षेप खरा. परंतु त्यावरून इतकेंच निघतें कीं, पैसा कोणाच्या हातीं द्यावा याची काळजी घ्यावी. तो देऊंच नये, असें निघत नाहीं.

त्याच वर्षीं जागतिक बँकेनें इराणसाठीं ५ कोटी डॉलर मंजूर करून त्या कामाची अंमलबजावणी जागतिक आरोग्य संघटनेकडे सोपविली. व्हेनेझुएलांतील परस्परविरोधी दोन पक्षही २०२० च्या जूनमध्यें अखिल अमेरिकी आरोग्य संघटनेच्या साह्यानें साथीपुरते एकत्र आले. बँकेची रक्कम इराणच्या मूळ मागणीच्या शंभराव्या हिश्श्याइतकीच होती खरी. पण वाट होती, एवढें त्यावरून सिद्ध झालें.

वाट असतां जो ती शोधीत नाहीं, त्याच्या नकारास सावधगिरी म्हणावें कीं शिक्षा? आणि शिक्षा म्हणावें, तर ती भोगतो कोण? दोषी राज्यकर्ता व आजारी प्रजा यांतील भेद ऐन साथींत करूं लागणें म्हणजे उशीर करणेंच होय. साह्य कोणाच्या हातून पोंचवावयाचें, याचा नियम शांततेच्या काळींच ठरला पाहिजे. सुक्याबरोबर ओलेंही जळतें, हें वणव्याच्या बाबतींत खरें आहे. कारण वणवा विचार करीत नाहीं. विचार करून निर्णय घेणाऱ्या संस्थेस ती सबब सांगतां यावयाची नाहीं.